बारा मैलांच्या आत कोण, बाहेर कोण

देवगड तालुक्यातल्या एका मच्छीमार सोसायटीच्या तरुण सचिवाचा प्रश्न आला आहे. तो असा: रात्री समोर मासळीला उजेडाने ओढून घेणाऱ्या एलईडी दिव्यांच्या बोटी लागतात, जत्रा भरल्यासारखा उजेड दिसतो आणि सकाळी आमच्या जाळ्यात काही उरत नाही. मत्स्यव्यवसाय विभागात तक्रार केली तर सांगतात, बोटी केंद्राच्या हद्दीत आहेत. दिल्लीला लिहिले तर उत्तर येते, मासेमारी हा राज्याचा विषय आहे. शेवटी त्याने विचारले आहे, "घटनेत सगळा वाटून दिलेला हा म्हणतत, मगे आमचो दर्या कोणाच्या वाट्याक इलो?"

दादा, तुमच्या सोसायटीला मिळालेली दोन्ही उत्तरे अर्धी-अर्धी खरी आहेत, म्हणूनच ती इतकी वर्षे चालून जातात. मी 27 वर्षे या किनाऱ्यावर वकिली करतो आहे आणि त्यातला निम्मा वेळ मच्छीमार सोसायट्यांच्या कामात गेला. हरलेल्या प्रकरणांपैकी बरीचशी कायद्यामुळे गेली नाहीत, चुकीच्या दारात उभे राहिल्यामुळे गेली. त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

राज्यघटनेच्या अनुच्छेद 246 ने कायदे करण्याचा अधिकार वाटला आणि वाटणीची यादी सातव्या अनुसूचीत दिली. संघ सूची केंद्राची, राज्य सूची राज्याची, समवर्ती सूची दोघांची. घटना लागू झाली तेव्हा या सूच्यांत अनुक्रमे 97, 66 आणि 47 नोंदी होत्या. ज्याचे नाव कुठल्याच यादीत नाही, ते अनुच्छेद 248 प्रमाणे केंद्राकडे जाते. शाळेत आपण एवढेच शिकतो आणि समजतो की प्रत्येक विषय एकेका खणात ठेवलेला आहे. मासळीचे तसे नाही. राज्य सूचीत 21 व्या क्रमांकावर फक्त 'मत्स्यव्यवसाय' असे लिहिले आहे. संघ सूचीत 57 व्या क्रमांकावर 'प्रादेशिक समुद्रापलीकडील मासेमारी व मत्स्यव्यवसाय' आहे. म्हणजे धंदा तोच, बांगडा तोच, फक्त मध्ये एक रेषा आहे. रेषेच्या अलीकडे राज्य, पलीकडे केंद्र.

ही रेषा 1976 च्या सागरी क्षेत्र कायद्याने ठरते. प्रादेशिक समुद्र 12 सागरी मैल, म्हणजे सुमारे 22 किलोमीटर. त्यापुढे 200 सागरी मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र. पण 12 मैल मोजायचे कुठून? तुमच्या जेटीपासून नाही, पुळणीवरूनही नाही. केंद्र सरकारने 2009 मध्ये अधिसूचित केलेल्या आधाररेषेपासून मोजायचे. ही आधाररेषा काही ठिकाणी किनाऱ्याला धरून नाही, पुढच्या बिंदूंना जोडत जाते. त्यामुळे किनाऱ्यावर उभे राहून 'लांब दिसतात म्हणजे बाहेरच असतील' असा अंदाज करणारा माणूस सहज चुकतो, मग तो अधिकारी असो की तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख.

एका सोसायटीचे प्रकरण सांगतो. त्यांच्या पहिल्या तक्रारीत लिहिले होते: 'किनाऱ्यासमोर अंदाजे वीस वाव पाण्यात बोटी दिवे लावून मासेमारी करीत आहेत.' वाव म्हणजे खोली. खोलीवरून हद्द ठरत नाही. कार्यालयाने 'ठिकाण निश्चित होत नाही' असा शेरा मारून तक्रार परत केली, आणि तो शेरा चुकीचाही नव्हता. तोवर सीझन संपला. पुढच्या वर्षी मी त्यांच्या तांडेलाला सांगितले, काका, बोटींच्या फोटोबरोबर तुमच्या जीपीएसच्या पडद्याचाही फोटो काढा, वेळ दिसेल असा. त्यांनी तीन रात्री काढले. आम्ही अक्षांश-रेखांश नकाशावर मांडले. ठिकाण आधाररेषेपासून 7 मैलांच्या आत पडत होते. त्या तीन फोटोंनंतर 'केंद्राची हद्द' हे वाक्य त्या फाइलमध्ये पुन्हा कोणी लिहिले नाही.

तेव्हा सर्वांत आधी ठिकाण. त्याशिवाय घटनेतली कुठलीही नोंद तुमच्या उपयोगाची नाही.

ठिकाण 12 मैलांच्या आत निघाले तर महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, 1981 लागू होतो. हा राज्याचा कायदा आहे, विधिमंडळाने केलेला. 2021 मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. दंड लाखांत गेला आणि निवाड्याचा अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आला. दुरुस्तीपूर्वी गस्ती नौकेने बोट पकडायची, प्रकरण तहसील कचेरीत जायचे, तिथे सातबारा आणि निवडणुकीच्या कामातून वेळ मिळेल तेव्हा सुनावणी. आता पकडणारे आणि निवाडा करणारे एकाच विभागाचे आहेत. याचे तोटेही आहेत, पण विलंबाची सबब संपली.

ठिकाण 12 मैलांच्या बाहेर निघाले तर? केंद्राने 10 नोव्हेंबर 2017 च्या आदेशाने अनन्य आर्थिक क्षेत्रात एलईडी दिव्यांनी आणि दोन बोटींनी मिळून जाळे ओढून केलेल्या मासेमारीला बंदी घातली. पण कित्येक वर्षे एक मोठी पोकळी होती. परदेशी बोटींसाठी 1981 चा वेगळा केंद्रीय कायदा होता. आपल्याच देशातल्या बोटींनी 12 मैलांपलीकडे कसे वागावे, यासाठी मात्र सर्वंकष कायदा नव्हता. तुमच्या वडिलांच्या पिढीला 'बाहेर काही चालते' असे वाटायचे ते यामुळे. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रातल्या मासेमारीचे नियम अधिसूचित केले. त्यांत यांत्रिकी बोटींना प्रवेश पास घ्यावा लागतो, पारंपरिक लहान होड्यांना सूट आहे आणि एलईडीवरची बंदीही आहे. आता बाहेरच्या पाण्यातल्या तक्रारीला पाय टेकायला जागा आहे.

तुमच्या बाजूचा आणखी एक मुद्दा आहे, आणि तो सहसा कोणी मांडत नाही. एलईडीची बोट बाराव्या मैलावर उगवत नाही. ती कुठल्या तरी बंदरातून निघते, बर्फ आणि डिझेल भरते, राज्याचे पाणी ओलांडून जाते आणि मासळी उतरवायला परत येते. तिच्यावरच्या दोन कागदांकडे बघा. नोंदणीचा दाखला मर्चंट शिपिंगच्या केंद्रीय कायद्याखालचा असतो. मासेमारीचा परवाना राज्याच्या 1981 च्या कायद्याखालचा असतो. आणि दोन्ही कागद बोटमालकाला मिळतात ते राज्याच्याच मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्याकडून! केंद्राच्या कायद्याचे काम राज्याच्या अधिकाऱ्याने करायचे, ही सोय घटनेतच आहे, अनुच्छेद 258 मध्ये. म्हणून 'आमच्या हद्दीत नाही' असे म्हणणाऱ्या अधिकाऱ्याला नम्रपणे विचारा की साहेब, ही बोट तुमच्या परवान्यावर आहे का? परवाना दुसऱ्या राज्याचा असेल, तर ती इथल्या 12 मैलांत काय करते आहे?

असाच वाद तामिळनाडूत पर्ससीन जाळ्यांवरून, म्हणजे मासळीचा थवा वेढून खालून आवळायच्या मोठ्या जाळ्यांवरून झाला. राज्याने बंदी घातली. बोटवाले म्हणाले, आम्ही 12 मैलांच्या बाहेर मासे मारतो, तिथे राज्याचा अधिकार नाही. सर्वोच्च न्यायालयाने 24 जानेवारी 2023 च्या अंतरिम आदेशात प्रादेशिक समुद्राच्या बाहेर पर्ससीनला मुभा दिली, पण फक्त सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी 8 ते संध्याकाळी 6. न्यायालयाने बाहेरच्या पाण्यावर राज्याची सरसकट बंदी चालवली नाही आणि बोटींना मोकाटही सोडले नाही. महाराष्ट्राने 5 फेब्रुवारी 2016 च्या अधिसूचनेने पर्ससीनवर जे निर्बंध घातले, त्यांचा विचार करतानाही हे प्रकरण डोळ्यांसमोर ठेवावे लागते.

दोन्ही सरकारे एका सुरात चालली की काय होते, ते तुम्ही दरवर्षी बघता. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै ही 61 दिवसांची पावसाळी बंदी. बाहेरच्या पाण्यासाठी केंद्र आदेश काढते, आतल्या पाण्यासाठी राज्य काढते. तारखा जुळलेल्या असल्या की तुम्हाला दोन आदेश आहेत हेही कळत नाही.

आता समुद्रावरून जरा मागे येऊ. कधी मालवणच्या जेटीवर उभे राहून समोर बघा. जेटी महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाची, म्हणजे राज्याची, कारण मुंबई किंवा जेएनपीएसारखी मोठी बंदरे संघ सूचीत आणि बाकीची लहान बंदरे समवर्ती सूचीत. समोरचा सिंधुदुर्ग किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, म्हणजे केंद्राकडे. किल्ल्याभोवतीच्या पाण्यातली मासेमारी राज्याची. त्याच पाण्याखालची जमीन आणि खनिजे अनुच्छेद 297 प्रमाणे केंद्राची. गस्त घालणारे सागरी पोलीस राज्याचे, लांबवर दिसणारी तटरक्षक दलाची नौका केंद्राची. दीपगृहे तर संघ सूचीत नावानिशी आहेत. आणि 1987 मध्ये राज्याने जाहीर केलेले मालवणचे सागरी अभयारण्य हे 1972 च्या केंद्रीय वन्यजीव कायद्याखालचे. वन्यप्राण्यांचे रक्षण हा विषय आधी राज्य सूचीत होता. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत गेला, शिक्षण आणि वने यांच्याबरोबर.

अभयारण्याच्या नावाने मालवणात इतकी भीती पसरली होती, की एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. याच कायद्याच्या कलम 26-अ मध्ये लिहिले आहे की प्रादेशिक समुद्राचा भाग अभयारण्यात घ्यायचा तर राज्याला केंद्राची पूर्वसंमती लागते, आणि हद्द ठरवताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाच्या रक्षणासाठी पुरेशी तजवीज करावी लागते. मच्छीमारांचा उल्लेख कायद्यातच आहे. मी हे कलम मराठीत लिहून रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून मिळून जाळे ओढणाऱ्यांच्या, एका बैठकीत वाचून दाखवले होते. मागच्या रांगेतल्या एका आजीने ते दुसऱ्यांदा वाचायला लावले. हक्क आपल्या नावाने लिहिलेला आहे, हे ऐकताना तिचा चेहरा कसा झाला होता, ते मी विसरलेलो नाही.

समवर्ती सूचीबद्दल एक गैरसमज फार आहे, की दोघांचा विषय म्हणजे दोघांनीही अंमल करायचा. दोघांचे कायदे एकमेकांना छेद देत असतील तर अनुच्छेद 254 प्रमाणे केंद्राचा कायदा टिकतो. राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळालेली असेल तर त्या राज्यापुरता तो टिकतो. पण अंमलबजावणी साधारणपणे राज्याकडेच राहते, कायद्यात वेगळे लिहिले नसेल तर. त्यामुळे 'केंद्राचा कायदा आहे' हे ऐकून परत फिरू नका. कायदा दिल्लीचा असला तरी अंमल करणारा माणूस बहुतेक वेळा सिंधुदुर्गनगरीत बसलेला असतो.

सीआरझेडचे, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांचे तसेच आहे. पर्यावरण असा विषयच कुठल्या सूचीत नाही. 1972 च्या स्टॉकहोम परिषदेचा आधार घेऊन, आंतरराष्ट्रीय करारांसाठी असलेल्या अनुच्छेद 253 खाली केंद्राने 1986 चा पर्यावरण कायदा केला आणि त्याखाली सीआरझेडची अधिसूचना आली. नियम केंद्राचा, किनारा व्यवस्थापनाचा नकाशा राज्याने करायचा, मंजुरी पुन्हा केंद्राची. पण खाडीकाठी स्वतःला राहण्यासाठी 300 चौरस मीटरपर्यंतचे घर बांधायचे असेल, तर 2019 च्या अधिसूचनेप्रमाणे परवानगी स्थानिक प्राधिकरण देते, अर्थात सीआरझेडचे नियम तपासूनच. घरासाठी लोक मुंबईला खेटे घालतात तेव्हा वाईट वाटते.

तुमच्या पत्रात डिझेल परताव्याचाही उल्लेख आहे. ते सोपे आहे. जीएसटी आला तेव्हा डिझेल त्याच्या बाहेर राहिले. एकाच लिटरवर केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट, असे दोन्ही कर बसतात. सोसायटीमार्फत जो परतावा मिळतो तो राज्याच्या कराचा. तो थकला तर खासदारांना निवेदन देऊन उपयोग होणार नाही. आमदारांना द्या आणि अधिवेशनाच्या आधी द्या, म्हणजे प्रश्न सभागृहात लागेल.

पैशाने मात्र हद्दी पुसट होतात. मत्स्यव्यवसाय राज्य सूचीत असूनही 2019 मध्ये केंद्रात त्यासाठी स्वतंत्र मंत्रालय झाले आणि 2020 मध्ये प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना आली. हे कसे चालते? अनुच्छेद 282 प्रमाणे केंद्र कोणत्याही सार्वजनिक कामासाठी अनुदान देऊ शकते, मग तो विषय केंद्राच्या कायद्याच्या कक्षेत असो वा नसो. योजना केंद्राची, राज्याचाही हिस्सा, अर्ज जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात. वादळाच्या नुकसानीचे पैसेही असेच. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत महाराष्ट्रासारख्या राज्यात केंद्राचे 75 टक्के आणि राज्याचे 25 टक्के असतात, आणि मदतीचे निकष केंद्र ठरवते. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर राज्याने त्या निकषांपेक्षा वाढीव दराने मदत दिली होती. तेव्हा निकष बदलायचे तर दिल्ली, वरची भर हवी तर मुंबई, आणि पंचनाम्यात तुमची होडी सुटली असेल तर ज्याने पंचनामा केला तो. पंचनाम्यात नाव नसेल तर वरच्या दोघांनी कितीही जाहीर केले तरी तुमच्या खात्यात काही येणार नाही.

तुमच्या सोसायटीतले काही जण म्हणतात, सगळा समुद्र एकदाच केंद्राकडे द्या, टोलवाटोलवी तरी थांबेल. त्यांचा वैताग मला समजतो, पण हे मला अजिबात पटत नाही. किनाऱ्याजवळचे पाणी हे रापणकरांचे, गिलनेटवाल्यांचे, खाडीत जाळी टाकणाऱ्यांचे पाणी आहे. पेडवे कधी लागतात आणि रापणीला किती माणसे लागतात, हे माहीत असलेले कोणी कायदा होतो त्या सभागृहात असण्याची शक्यता मुंबईत आहे, दिल्लीत फार थोडी. कोकणाने हे एकदा अनुभवले आहे. 1935 च्या कायद्याने जमिनीचा विषय प्रांतांकडे दिला होता, म्हणूनच 17 सप्टेंबर 1937 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या विधानसभेत मांडू शकले, आणि जानेवारी 1938 मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर जाऊ शकला. ते विधेयक तेव्हा पार पडले नाही. खोती नष्ट करणारा कायदा 1949 चा, पण तोही मुंबई प्रांताच्याच कायदेमंडळाने केला. खोताच्या जाचाची तक्रार थेट दिल्लीला करायची असती तर आमच्या आज्यांना आणखी किती वर्षे लागली असती!

आता तुम्ही काय करायचे ते. तक्रार एकच लिहा, पण ती सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या नावाने आणि प्रती केंद्राच्या मत्स्यव्यवसाय विभागाला, तटरक्षक दलाला आणि सागरी पोलीस ठाण्याला. तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, बोटीचा नोंदणी क्रमांक किंवा निदान रंग आणि बांधणी, जीपीएसचा फोटो. शेवटी एक वाक्य हवेच: 'सदर ठिकाण आपल्या अधिकारक्षेत्रात नसल्यास ते कोणाच्या अधिकारक्षेत्रात आहे हे लेखी कळवावे.' पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका: या तक्रारीवर कोणत्या कायद्याखाली काय कार्यवाही केली. कलम 6(3) माझे सर्वांत आवडते कलम आहे. माहिती दुसऱ्या प्राधिकरणाकडे असेल तर अर्ज ज्याच्याकडे आला त्याने तो 5 दिवसांत तिकडे पाठवायचा आणि तुम्हाला कळवायचे. म्हणजे 'हे कोणाचे काम' हे शोधण्याची जबाबदारी त्यांच्यावर येते, आणि ज्या कार्यालयाकडे अर्ज पाठवला जातो त्याचे नाव तुमच्या हातात कागदावर येते. मी एका सोसायटीसाठी असा अर्ज टाकला, तेव्हा दीड वर्ष तोंडी 'आमचे नाही' म्हणणाऱ्या कार्यालयाने तो पुढे पाठवलाच नाही. स्वतः उत्तर दिले, कारण लेखी 'आमचे नाही' म्हणणे त्यांना जमेना.

एवढे करूनही काही हलले नाही तर उच्च न्यायालय, अनुच्छेद 226. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीची प्रकरणे 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, त्यामुळे मुंबईची खेप वाचली. याचिकेत केंद्र आणि राज्य दोघांनाही प्रतिवादी करा. एकालाच केले तर तो उत्तरात दुसऱ्याचे नाव घेईल आणि दुसरा कोर्टात नसेल. दोघे एकाच कोर्टात उभे असले की न्यायाधीश पहिला प्रश्न विचारतात तो तुमचाच, ही जागा कोणाच्या हद्दीत?

तुमच्या तांडेलकाकांना आजच जीपीएसचे फोटो काढायला सांगा. पहिले तीन रात्रींचे हाती आले की मला पाठवा, नकाशावर मी मांडून देतो.